छातीचा पट्टा

हृदयविकारातून उठलेल्या उकंडरावांना डॉक्टरांनी सायकलची मोकळीक दिली. अट एवढीच, चढावर काळीज पळू लागलं की उतरायचं. चालत्या सायकलवर काळीज मोजायचं कशानं? मेहकरहून सेकंदकाट्याचं घड्याळ आणलं, नाडी धरायला हँडल सोडलं आणि उकंडराव बाभळीत शिरले. बायको सत्यभामाबाई म्हणाल्या, “घड्याय टांगा खुंटीले. मीच मोजीन.” कॅरिअरवर बसून त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात पट्ट्यासारखा आवळला. जानेफळच्या बाजारानं तराजू खाली ठेवून हे औषध पाहिलं. चढावर बाईंनी फर्मावलं, “उतरा! लय पयून राह्यलं.” उकंडराव निमूट उतरले, पायी चढले. पलीकडच्या उतारावर दोघं पुन्हा सायकलवर बसले, हात पुन्हा छातीवर आला. पायडलही मारायचं नव्हतं, तरी बाई धास्तावल्या. “आता काऊन धडधडून राह्यलं हो?” “तुहा हात हाय ना तिथं.” “मंग काढू काय?” “राहू दे वं. कोणामुळं चालून राह्यलं, ते काळजाले बी समजू दे.”