पहिल्या पर्वाची सर नाही

“या मालिकेत आता काही राम राहिला नाही,” म्हातारा रेडिओवाला म्हणाला. “लेखकाने डोकं गहाण ठेवलंय.”

“काहीतरीच काय, बाबा!” मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला. “लोक तर डोक्यावर घेऊन नाचतायत. हे ऐका. ‘टकल्या गुप्तहेराचा मागचा भाग आजवरचा सगळ्यांत भारी.’”

“लोकांचं काय घेऊन बसलास? वाढलं ते गिळतात.”

“एकाने मात्र तुमच्यासारखंच लिहिलंय. ‘पहिल्या पर्वाची सर नाही.’”

“हां! तो शहाणा दिसतोय.”

मुलगा हसला. महिन्यातून एखाद्या रविवारी तो आईवडिलांकडे यायचा आणि हल्ली दर वेळी हीच रडकथा ऐकायचा.

रेडिओवाल्याची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुरुस्तीचं दुकान सुटलं, पण टकल्या गुप्तहेर काही सुटला नाही. संवाद तो ऐकायचा आणि चित्र बायको सांगायची. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? पहिल्या पर्वात एकदा ती सहज म्हणाली, “त्या कारकुनाच्या कोटाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय.” जाहिराती लागायच्या आत याने खुनी पकडला! पुढचा आठवडाभर तो येईल त्याला ही हकिगत सांगत सुटला होता.

“तेव्हा बटणं असायची, चिखलाचे बूट असायचे,” तो मुलाला म्हणाला. “आता काय, तर खोलीत एक माणूस उभा आहे. खोलीत दोन माणसं उभी आहेत. अरे, ही मालिका आहे की बसस्टॉप?”

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. घरात चहा कोणीही ओतायचं. रेडिओवाला ओतायचा तेव्हा बोटाचं टोक कपाच्या काठावरून आत सोडायचा आणि चहा लागला की थांबायचा. चटका बसायचा, पण बोटं तापल्या कथलाने तारांना डाग देण्याच्या कामाला सरावलेली होती. आज मात्र बायकोने ओतला होता.

“आई, बशी भरलीय की गं.”

“माझा कोपर लागला,” रेडिओवाला म्हणाला. “आंधळ्याच्या वाटेत ट्रे आणू नये, एवढं हिला इतक्या वर्षांत कळलं नाही.”

मुलाने कोपऱ्यातल्या शिलाई मशिनकडे पाहिलं. मशिनवर चादर होती आणि चादरीवर झाडाची कुंडी.

“शिवण सोडलंस?”

“कंटाळा आला रे.”

मुलाच्या मनात काय आहे, ते तिघांनाही ठाऊक होतं. मागेच बोलणं झालं होतं. आईचे डोळे आहेत तोवर दोघांनी इथे खुशाल राहावं. पुढे आईने त्याच्याकडे यायचं आणि बाबांनी ताईकडे, दुसऱ्या शहरात. दोघांना एकत्र ठेवण्याइतकी जागा कोणाकडेच नव्हती. मुलगा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच रेडिओवाल्याला त्याची भीती वाटायची.

“आता लागेलच ना?” मुलाने टीव्ही सुरू केला. “आज मीही बसतो. आई कशी सांगते ते मला ऐकायचंय.”

“काही गरज नाही. उगाच उशीर होईल तुला.”

“होऊ दे. एकच भाग!”

सुरुवातीचं संगीत वाजलं. टकल्या गुप्तहेर नेहमीसारखा खोकला.

“सांग ना आई.”

बायकोने पदराला हात पुसले. “एक खोली आहे,” ती म्हणाली. “खोलीत एक माणूस...”

रेडिओवाला ताडकन उठला. भिंत चाचपत टीव्हीपाशी गेला आणि त्याने वायर उपटून काढली.

“बास! माझ्या घरात हा भिकार कार्यक्रम लागणार नाही!”

“बाबा, हा काय पोरकटपणा?”

“पोरकट तर पोरकट. तुझ्या घरी जाऊन बघ.”

मुलगा चांगलाच दुखावला. बॅग उचलून तो दाराशी गेला आणि आईजवळ थांबला.

“कसं सहन करतेस गं यांना?” त्याने आवाज खाली आणला. “मालिका नाही बिघडली, हेच बिघडलेत.”

“वय झालं रे,” ती म्हणाली. “तू मनावर घेऊ नकोस.”

गाडी वळणापलीकडे गेल्याचं रेडिओवाल्याने कान देऊन ऐकलं. मग वायर पुन्हा जागेवर लावली. त्याला मुलाबद्दल वाईट वाटत होतं. बायको अजून दारातच उभी होती.

“अहो, खरंच एवढी वाईट झालीय का मालिका?”

“छे गं! पूर्वीपेक्षा चांगली लिहितात आता.”

त्याने हात पुढे करून तिचा हात शोधला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. किटलीत अजून चहा होता. त्याने एक रिकामा कप तिच्यासमोर ठेवला, तिचं बोट धरलं आणि काठावरून आत वाकवलं.

“इथे लागला की थांबायचं,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी तो येईल तेव्हा बशीत थेंबसुद्धा दिसता कामा नये.”