सहा वर्षांची लकडी

"यात लकडी लिहिलंय," करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे नाकेदार गयासोद्दीन म्हणाले आणि त्यांनी कागद उजेडाकडं धरला. "लडकी न्हाई. लकडी."

साळूबाईनं पोरीचं, तुळजाचं, मनगट जरा घट्ट धरलं. नाक्याच्या आडव्या बांबूपलीकडं इंग्रजी हद्द, पुढं चिखली, चिखलीला तिचा भाऊ. अलीकडं मोगलाई, आणि बांबूवर हात टाकून उभा असलेला रखमाजी, तिचा फारकत झालेला नवरा. पोरीला निजामाच्या मुलखाबाहेर नेऊ नये, हा जालन्याच्या अदालतीचा पहिला हुकूम त्यानं सकाळीच येऊन नाक्यावर दाखवून ठेवला होता. दुसरा हुकूम, न्यायला परवानगी देणारा, साळूबाईनं आणला होता. त्याची मुदत आज दिवस मावळेपर्यंत. तोवर पोर पलीकडं गेली तर आईची, अलीकडं राहिली तर बापाची.

"पुन्हा बघा साहेब."

"तीनदा बघितलं, बाई. साळूबाईला इजाजत आहे, अपनी लकडी, उमर छे साल, सरहद पार ले जाए. खाली जिथं तिथं लकडी मजकूर, म्हंजे तीच लकडी. पोरीचं नाव कुठंच न्हाई."

उर्दूत दोन अक्षरं इकडची तिकडं झाली की एवढं होतं. अदालतीतल्या कारकुनाला त्या दिवशी बहुधा घरी लवकर जायचं होतं.

"सहा वर्साचं लाकूड," रखमाजी म्हणाला. "बाभळीचं असंल. न्हेऊ द्या की तिला. पोर तेवढी ठिवून जाऊ द्या."

नाक्यावरचा शिपाई हसला. गयासोद्दीन हसले नाहीत. कागदाचा अर्थ त्यांनाही कळत होता, पण अर्थ बघून बांबू उचलायची त्यांची नोकरी नव्हती.

"दुरुस्ती अदालतच करणार. मी एक नुक्ता बी हलवू शकत न्हाई. जालन्याला जाऊन या."

"जायालाच दोन दिस लागत्यात. मुदत आज हाय."

"मंग?"

साळूबाईनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "मंग तुमी कागदावर बोट ठिवा, मी म्हनते. कारकुनानं हुकूम वाचला तव्हा मी त्याला तीनदा वाचाया लावला. जालन्याहून हितवर वाटभर तेच मनात घोकत आले. माज्या तोंडात अन् कागदात ह्या एका लकडीबिगर दुसरा फरक निघाला, तर पोर हितंच सोडते."

"वाचता येतं का?"

"न्हाई. म्हनून तर पाठ केलं."

गयासोद्दीननी कागद मेजावर पसरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

साळूबाई म्हणू लागली. त्या भाषेतलं तिला निम्मंच समजत होतं. बशर्तेला ती बसरते म्हणाली, पण शब्दाची जागा चुकली नाही. ती लडकी म्हणायची तिथं बोट जरा थांबायचं, मग पुन्हा सरकायचं. स्वतःला नको असलेली अटही तिनं गिळली नाही. हर साल माघ की चौथ को लडकी मजकूर राजूर में एक दिन बाप के पास रहेगी. बाप मजकूर...

इथं ती थांबली.

"आगे?" गयासोद्दीन म्हणाले.

"आडकली," रखमाजी म्हणाला आणि त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. पुढचे शब्द कोणते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. लग्नापासूनच्या आठ वर्षांत ते तिच्या तोंडून निघाले नव्हते. नावनिशी लिहायला सरकारी माणूस दारात आला, तेव्हाही तिनं शेजारणीला पुढं केलं होतं. फारकत झाल्यावरही ती त्याला तुळजाचा बापच म्हणायची.

साळूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मुसम्मी रखमाजी वल्द बद्रीनाथ," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव, त्याला लागून सासऱ्याचं. आणि तिथं न रेंगाळता तारखेपर्यंत, मोहोरेपर्यंत, खालच्या सहीपर्यंत गेली.

रखमाजीचा हात बांबूवरून खाली आला.

"एकाच शब्दाचा फरक," गयासोद्दीन म्हणाले. बोट अजून कागदावरच होतं. "रखमाजी पाटील, हुकूम झाला तव्हा तुमी बी हजर होता. चुकलं कोण? बाई का कागद?"

रखमाजी पोरीकडं बघत होता, पोर त्याच्याकडं. खोटं बोलायचं तर एकाच शब्दाचं काम होतं.

"कागद," तो म्हणाला.

"लिहून घेतो. तुमची कबुली हुकमाला जोडली की बांबू उचलता येतो. अंगठा द्या."

त्यानं दिला. अंगठ्याची शाई धोतराला न पुसता तो तसाच उभा राहिला.

शिपाई बांबू उचलायला गेला. तो उचलेपर्यंत तुळजा खालून निघून गेली होती, न वाकता.

नाका दिसेनासा झाल्यावर पोरीनं मान वर केली.

"आये, तू बाचं नाव घेतलंस."

"कागदात व्हतं," साळूबाई म्हणाली.