सोबतीचा आवाज

पहिलाच सूर पत्रा कापल्यासारखा निघाला. मंडपाच्या दोन्ही बाजूंच्या उंच स्पीकर-बॉक्समधून तो लोकांवर आदळला, मागच्या शाळेच्या भिंतीवरून परत आला आणि सोफ्यावर बसलेल्या एका पाहुण्याने कानात बोट घातलं. उज्ज्वलाचा हात गिटारच्या तारांवरच थांबला.

फुलसावंगीत त्या दुपारी लेंगीची स्पर्धा होती. होळीची बंजारा गाणी, गावोगावच्या तांड्यांवरून आलेली माणसं. माइकपुढे उज्ज्वलाची आई नंदाबाई फेटिया-कांचळीचा बंजारा पोशाख घालून उभी होती. तिने गायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. तिने लेकीकडे पाहिलं. हा कोणता आवाज?

उज्ज्वला मागे वळली. गिटारचा आवाज मोठा करणारा तिचा छोटा अँप स्टेजच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. बंद. त्याच्यावर कोणीतरी सत्काराचे नारळ आणि शाली रचून ठेवल्या होत्या. आणि तिच्या गिटारची केबल परस्पर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडलेल्या काळ्या डब्यात गेली होती.

"वाजवा न ताई, थांबल्या काहून?" मिक्सरमागून कपिल ओरडला. साउंड त्याचाच होता.

"माझी केबल कोणं काढली?"

"म्याच काढली. तो अँप फुकटची जागा खाऊन राह्यला होता. गिटार डायरेक्ट टाकली. ट्रेबल फुल, वरून इको. पाहा कशी खणखणून राह्यली!"

"मी सकाळीच सांगितलं होतं तुमाले. अँपसमोर माइक ठेवा, आवाज तिथून घ्या."

"ताई, तुमी फक्त वाजवा. साउंडचं आमी पाहू." तो हसला. पुढच्या सोफ्यांवरचेही दोघेतिघे हसले.

उज्ज्वलाची कानशिलं तापली. अँपचा आवाज आईच्या गळ्याशी जुळवण्यात अख्खा हिवाळा गेला होता. नंदाबाईचा गळा जाड, जरासा खरखरीत. वर चढताना तो बारीक होत नाही, पसरतो. गिटार थोडी जरी चरचरली, तरी तो गळा तिच्याखाली गाडला जायचा. म्हणून उज्ज्वलाने जाड तारा चढवल्या, अँपची बटणं फिरवून ट्रेबलची धार उतरवली, आवाज फाडणारा गेन अर्ध्याच्याही खाली आणला, मधल्या सुरांचा मिड वाढवला. पिकची पट्टी टाकून बोटांनी वाजवायला लागली. नंदाबाई भाकरी थापता थापता गायची आणि मान हलवायची. "टोचते." दुसऱ्या दिवशी, "आता गुदमरते." एका दुपारी तिची मान हलली नाही. नुसती गातच राहिली. उज्ज्वलाने त्यानंतर अँपच्या बटणांना हात लावला नव्हता.

आयोजक भावसिंग स्टेजच्या कडेला आला. "उज्ज्वला, पाहुण्यायले निघायची घाई हाय. जो आवाज येते, त्यातच उरकून टाक."

"उरकून टाकू?"

तिने खसकन काळ्या डब्यातून केबलचा जॅक उपटला. बॉक्समधून धडाम आवाज झाला आणि पहिल्या रांगेतली लेकरं दचकली. अँपवरचे नारळ तिने एकेक करून उचलले आणि भावसिंगच्या पायांशी मांडले. त्यावर शाली ठेवल्या. अँप फिरवून त्याचं तोंड लोकांकडे केलं, केबल त्यात खोचली आणि तो चालू केला.

"त्याले मी माइक लावणार नाही," कपिल म्हणाला. "मागं ऐकू नाही आलं, तर माझ्या नावानं ओरडू नका."

नंदाबाईने माइकचा दांडा धरून बाजूला सारला आणि ती अँपला लागून उभी राहिली. "तू इकडून अन् मी त्या बॉक्समधून, असं नको," ती लेकीला म्हणाली. "लाव सूर."

उज्ज्वलाने सूर लावला. नंदाबाई गाऊ लागली.

मागून आरडाओरडा झाला, "आवाज! आवाज!" शिट्ट्या वाजल्या. उज्ज्वलाने वर पाहिलं नाही. मग मागच्या काही बाया उठल्या. पदर सावरत पुढे आल्या आणि सोफे आणि स्टेज यांच्या मधल्या मातीत बसल्या. त्यांच्यामागून माणसं आली. कोणी डफ हळूच धरला, वाजवला मात्र बेतानेच. गर्दी इतकी पुढे सरकली की पाहुण्यांना पाय आखडून घ्यावे लागले, आणि गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. निघायची घाई कोणाला आठवली नाही.

बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. परीक्षकांनी माइकवर कारणही सांगितलं: गळा चांगला, पण आवाज मंडपाच्या शेवटापर्यंत पोहोचला नाही.

"शेवटाले होतं कोण, याडी?" उज्ज्वलाने केबल गुंडाळता गुंडाळता आईला विचारलं. "सारे तर पुढं येऊन बसले होते!"

"खुर्च्या होत्या न," नंदाबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तेवढ्यात कपिल स्टेजवर चढला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर दुपारचं हसू नव्हतं.

"ताई, राग नका मानू. आवाज मात्र गोड होता, खोटं कायले बोलू. या बटनायचा एक फोटो काढू द्या न. उद्या पांढरकवड्याले प्रोग्राम हाय. तिथल्या गिटारवाल्याले सेम असंच लावून देतो."

तो वाकून मोबाइल नीट धरत होता. उज्ज्वला अँपपाशी उकिडवी बसली आणि अंगठ्याने, काही घाई न करता, गेन शून्यावर आणला. मग बेस. मग मिड. मग ट्रेबल.

"काढा आता," ती म्हणाली.