नऊ फुटांत अकरा

"नऊमधून अकरा निघत नाही," ग्रामसेविका रिता मॅडम ग्रामपंचायतीच्या बैठकीत तिसऱ्यांदा म्हणाल्या.

तलावात पाणी नऊ फूट होतं. धान निसवला होता, लोंब्या भरायला पाणी हवं होतं. सरपंच टिकारामच्या पक्षाला शेतांसाठी सहा फूट हवं होतं. विरोधी पक्षाच्या रेवताबाईला मासोळीसाठी पाच फूट राखायचं होतं. आठ दिवसांत निकाल लागला नाही, तर धान करपणार होता. आणि रागाच्या भरात कोणी तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून सगळं पाणी सोडलं, तर मासोळी तडफडून मरणार होती.

मागच्या निवडणुकीपासून दोन्ही पक्षांची माणसं एकमेकांच्या लग्नात जेवतही नव्हती.

"टिकारामभाऊ," रेवताबाई म्हणाली, "मायी मासोळीले किती पानी लागते ते तुमी ठरवा. तुमच्या धानाचं मी ठरवतो. चिठ्ठीवर लिवू. जे निंगन ते दोघायले कबूल."

"ठगून राहिली बाई!" मागून टिकारामच्या पक्षाचा तेजराम ओरडला. "शून्य लिवन!"

"मंग तुमीबी लिवा ना शून्य. हात कोनं धरला?"

टिकारामने तिच्याकडे पाहिलं. मग पेन मागितला.

रिता मॅडमनी रेवताबाईची चिठ्ठी उघडली. "धानासाठी, सहा."

त्यांनी दुसरी उघडली. "मासोळीसाठी, दोन. खोडलंय. तीन. खोडलंय. पाच."

टिकारामचे कान लाल झाले. रेवताबाईने तोंडाला पदर लावला, पण हसू पदरातून बाहेर आलं आणि बाकांवरून पसरत गेलं.

"पुन्हा अकराच," रिता मॅडम म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरेना.

"सहा कायले?" टिकाराम उठला. "चारात भागते आमचं. तुमी कापान म्हनून दोन वाढवून सांगतले होते."

"तं मले तरी पाच कायले? साडेतीनात नाचते मासोळी!"

"मी पाच लिवलं. पाचच घ्या!"

"एक इंच जास्त घेनार नाही!"

"हे चालनार नाही!" तेजराम बाकावर चढला. "त्यायले पाच द्याच!"

दुपारी तुडूम उघडलं. चार फूट धानाला, साडेतीन मासोळीला. सोमवारी मात्र पुन्हा बैठक बोलवावी लागली. दीड फूट पाणी उरलं होतं, आणि ते घ्यायला कुठलाच पक्ष तयार नव्हता.