अकरापैकी दहा

प्रेमिलानं रिकामं टोपलं डोक्यावर ठेवून कवाडाबाहेर पाऊल टाकलं आणि पत्रू वाटेत आडवा उभा राहिला. तांबडं फुटायला अजून अवकाश होता. गल्लीत सहा-सात बाया टोपली घेऊन प्रेमिलाचीच वाट पाहत थांबल्या होत्या. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत ही बाई निघाली की गल्ली निघायची.

पत्रू गावचा कोतवाल. दवंडीचा आवाज असा की नाल्यापलीकडची कुत्री उठून भुंकायला लागत. महिनाभर तो हा आवाज झिजवत होता. जंगलचा नाकेदार कागदावर लिहून द्यायचा आणि पत्रू एक अक्षर न गाळता सांगायचा, की वाघानं माणसं मारली आहेत, उजाडल्याशिवाय कोणी मोह वेचायला जाऊ नये. आधी सात सांगितली, मग नऊ, मग दहा. गाव ऐकून घेई आणि पहाटे उठून जंगलाची वाट धरी. सगळ्यांच्या पुढे कोण, तर कोतवालाचीच घरधनीण प्रेमिला! गावाला याची मोठी मौज वाटे. पत्रूला मात्र ती परत येईपर्यंत घास गिळवत नसे.

तिला समजत नव्हतं असं नाही. मोह पहाटे गळतो. उशीर केला तर चितळं आणि डुकरं फडशा पाडतात. जमीनदारांची मालगुजारी गेली तरी त्यांनी घराघरांत वाटून दिलेली झाडं तशीच राहिली होती, त्यामुळे जो तो आपापल्या झाडाकडे धावायचा. शिवाय प्रेमिलाचा हिशेब चोख होता. एवढ्या मोठ्या जंगलात दहा माणसं, आणि त्यात आपल्या गावचं एकही नाही. साप चावून यापेक्षा जास्त मरतात.

"सरका जी," ती म्हणाली. "चितळं थांबून नाई राह्यत आपल्यासाठी."

"काल अकरावी गेली," पत्रू म्हणाला. "गोकुळा तिचं नाव."

आज त्याच्या खांद्याला डफडं नव्हतं आणि आवाजही दवंडीचा नव्हता. बायांना पुढं सरकून ऐकावं लागलं. काल नाकेदारानं त्याला पंचनाम्यासाठी चार कोसांवरच्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीवर, सोबत नेलं होतं. रात्री परतला तो न बोलता, न जेवता पडून राहिला होता. आता त्यानं सांगितलं. गोकुळा प्रेमिलाच्याच वयाची. तिच्यासारखीच गल्लीत सगळ्यांच्या आधी उठणारी. झाडाखाली तिचं टोपलं तसंच होतं, अर्धं भरलेलं, एक फूल सांडलेलं नाही. तिच्या नवऱ्यानं, डोमानं, ते टोपलं घरी आणून अंगणात ठेवलं आणि तो त्या टोपल्याला धरून बसून राहिला. विचारलं तेवढं सगळं सांगितलं, अंगठा दे म्हटलं तिथं दिला. डोळ्यांत टिपूस नाही. पंचनाम्याची मंडळी उठली तेव्हा मात्र त्यानं पत्रूचा हात धरला.

"मले म्हणे, भाऊ, हा मोह वाळू घालू का फेकून देऊ? मले तं काई सांगून नाई गेली ते."

बायांतल्या रंभानं डोक्यावरचं टोपलं हळूच खाली घेतलं. मनकर्णानं पदराचं टोक तोंडाशी नेलं. या प्रत्येकीच्या घरी असा एक माणूस होता, ज्याला साधा मोह कसा वाळवायचा तेही बायकोला विचारावं लागे.

मग पत्रूनं कागदावरचा आकडा सांगितला. येताना नाकेदारानं तो त्याला उलगडून दाखवला होता. "अकरापैकी दहा जणं एकटी होती. आपापल्या झाडाखाली, ओणवी. बाजूले कोणी नाई. राह्यलेलं एक एकटं होतं का नाई, ते कोणाले मालूम नाई."

महिनाभर बायांनी आकडे ऐकले होते, पण हा पहिला आकडा असा, की ऐकून काय करायचं ते कळलं. झाड ज्याचं त्याचं होतं. दुसरीच्या झाडाखाली वाकणं म्हणजे वर्षभराचं भांडण. ही रीत मोडायची तर पहिलं नुकसान कोणी सोसायचं, हे प्रेमिलाला कोणी सांगायला नको होतं.

"सूर्य निघाल्यावर जाऊ," ती म्हणाली. "आणि सगळ्या मिळून. आधी रंभाच्या झाडाखाली, मंग मनकर्णाच्या. चौघी वेचतीन, बाकीच्या उभ्या राहतीन. माहं झाड शेवटी."

रंभा म्हणाली, तोवर तुझ्या झाडाखाली काय उरणार? प्रेमिलानं टोपलं ओट्यावर उपडं ठेवलं आणि खाऊ दे चितळांना म्हणाली. तिचा शब्द झाला म्हणजे झाला. एकेक करून बाया तिथंच टेकल्या.

पत्रूही ओट्याच्या कडेला बसला, बायकोपासून हातभर लांब, चारचौघांत बसावं तसा. पूर्वेला उजेड येत होता. बाया आपसात बोलायला लागल्या तशी प्रेमिलानं मान न वळवता हळूच विचारलं.

"मंग तुमी काय सांगतलं त्या डोमाले?"

"म्हणलो, थांब भाऊ," पत्रू म्हणाला. "माह्या घरी बाई आहे. तिले इचारून सांगतो."