सुट्टीचा अभ्यास

दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा भरली, आणि चौथीची हजेरी घेताना प्रियदर्शनी बाई अकराव्या नावापाशी थांबल्या. छकुलीचं नाव. पाडव्याच्या दिवशी ती डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यात बुडून गेली होती. तेव्हा बाई बारामतीला घरी होत्या. त्यांना फोनवर कळलं. वस्तीवर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. सकाळी आईनं, मनिषानं, पोरीला बडवलं आणि पोर रागानं तळ्यावर गेली.

बाईंनी बारावं नाव घेतलं.

मंगळवारी मुलं पुन्हा थोडा दंगा करू लागली. बाईंना बरं वाटलं. बुधवारी त्यांनी सुट्टीचा अभ्यास मागितला.

परिसरातले पाण्याचे साठे, असा तो अभ्यास होता. पुस्तकात नुसती नावं लिहायची होती. ‘मोजून आणा’ हे बाईंनी आपल्या मनानं घातलेलं. मुलांनी हातानं काहीतरी करावं हा त्यांचा हट्ट. केंद्रप्रमुखांनी चार शाळांच्या शिक्षकांसमोर त्याचं कौतुकही केलं होतं.

दिशाची वही नीटनेटकी होती. ओढा, विहीर, हातपंप. शेवटच्या पानावर शेततळं. लांबी चाळीस पावलं, रुंदी तीस पावलं. खोलीपुढं काहीच नव्हतं.

“खोली राहिली की गं,” बाई सवयीनं म्हणाल्या.

दिशा वहीकडं बघत उभी राहिली. “ती छकुली बघणार हुती. मला भूक लागली म्हणून मी घरी गेले. ती म्हणली, तू जा, मी काठी घालून बघते न् येते.”

तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, कडेला पाय टेकला की सरळ खाली नेतो, हे बाईंना ठाऊक होतं.

“हे तू कुणाला सांगितलंस?”

“न्हाय. कुणी इचारलंच न्हाय.”

वही त्यांनी पर्समध्ये ठेवली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या मनिषाकडं निघाल्या. फाट्यापर्यंत गेल्या आणि गाडी वळवली. चौकशी लागेल, लोक शाळेवर चालून येतील, नोकरी जाईल, असं काय काय त्या रस्ताभर मनात घोळवत राहिल्या. खरं तर मनिषाच्या समोर उभं राहायची त्यांची छाती होत नव्हती. शुक्रवारी त्या फाट्यावर थांबल्यादेखील नाहीत.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली तशा बाई थेट छकुलीच्या घरी गेल्या. ओट्यावर छकुलीची आजी, ठमाबाई, सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होती.

“मनिषाताई आहेत का?”

“न्हाय हितं. गुरवारी तिच्या भावाला बोलवून घेतला आन् दिली लावून नरसिंहपूरला. पोटची पोर खाल्ली तिनं. कसं नांदवायचं तिला?”

गुरुवारी. बाई ओट्याच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तरी वही उघडून दाखवली.

“पोर रागानं गेली नव्हती, आजी. मी मोजायला सांगितलं म्हणून गेली. मनिषाताईंचा काही दोष नाही. दोष माझा आहे.”

आता म्हातारी शिव्या देईल, ऊर बडवेल, म्हणून बाई मान खाली घालून बसल्या. ठमाबाईनं हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. दुसरी शेंग उचलली, ती तशीच हातात राहिली.

“कुणाला बोललाय ह्ये?”

“अजून नाही. आता नरसिंहपूरला जाते. त्यांना सांगते.”

“जाऊ नगा, बाई.”

“त्यांना कळायला नको?”

ठमाबाईनं घराकडं मान वळवली. आत कुणी नव्हतं. तरी तिनं आवाज खाली आणला.

“पोरीच्या मातीला चार गावचं पाव्हणं हुतं. त्येंच्या म्होरं मी तिला अवदसा म्हणले. झुंबरनं हात टाकला तिच्यावर. ल्योक माझा, पर मी न्हाय अडवला. ती गप मार खात बसली. तिला बी ते खरं वाटलं.” म्हातारीनं पहिल्यांदाच बाईंकडं बघितलं. “आता तुमचं खरं मानायचं, तर आमी काय केलं म्हणायचं?”