दोन राखांच्या मधे

भुयारातल्या वस्तीने राखून ठेवलेलं बियाणं शिजवायचं की जपायचं, हे आज संध्याकाळच्या बैठकीत भूशास्त्रज्ञ डॉ. विश्राम गावडेच्या आकड्यावर ठरणार होतं. वर जमिनीवर बर्फ साचून एकवीस वर्षं झाली होती आणि कोठारातलं धान्य संपत आलं होतं. पृथ्वी फार पूर्वीही अशीच गोठली होती. ती त्या बर्फातून लवकर सुटली असेल तर बी जपायचं, नाहीतर पोटात घालायचं, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

त्या जुन्या बर्फाने खडकात गोट्यांचा जाड थर मागे ठेवला होता. त्या थराच्या खाली ज्वालामुखीची राख होती, तशीच वरही होती. विश्रामने दोन्ही राखांचं वय काढलं, त्यांतल्या फरकावरून तो बर्फ किती वर्षं टिकला ते मोजलं, तीनदा तपासलं आणि बैठकीला न जाता तो बियाण्याच्या खोलीत गेला. बियाणं सांभाळणारी पारूआक्का चुलीच्या राखेत वाल घोळत बसली होती, कीड लागू नये म्हणून.

"किती वर्षं निघाली, डॉक्टर?"

"पाच कोटी सत्तर लाख. थोडी कमी करून सांगू का, आक्का?"

तिचा हात थांबला नाही. "त्या वरच्या राखेनंतर काय सापडतं?"

"जीव. आधीपेक्षा मोठे."

"मग आहे तेच सांगा. एवढ्या थंडीतही खाली कुणीतरी बी सांभाळलं होतं, हेही सांगा," ती म्हणाली आणि न घोळलेल्या वालांनी भरलेलं सूप तिने राखेत घोळायला त्याच्यापुढे सरकवलं.